उभ्या उसातलं पाणी: दूधगंगाकाठच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून सुरुवात. काम एका ओळीत सांगायचं तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या गावात पाणी नेमकं कुठवर आलं होतं, ते सर्व्हे नंबरनिशी नकाशावर आणायचं. गाव कर्नाटकात, दूधगंगेच्या काठावर, निपाणी आणि चिक्कोडीच्या मधल्या पट्ट्यात. पश्चिमेला दूधगंगेवर काळम्मावाडी आणि वेदगंगेवर पाटगाव ही धरणं, तर पूर्वेला कल्लोळ-यडूरच्या बाजूला कृष्णा. कृष्णा भरून वाहायला लागली की दूधगंगेला पुढे जायला वाट उरत नाही. मग नदीला फूग येते आणि पाणी उलटं मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात चढतं. आमच्याकडचा महापूर धावत येत नाही, तो फुगत येतो आणि आठ-आठ दिवस बसून राहतो.

हे सगळं म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे, कागदावर मात्र कुठेच नाही. म्हणून हा खटाटोप.

या कामाला उपग्रहावरच्या रडारची चित्रं घ्यायचं कारण सरळ आहे. ऑगस्टमध्ये साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाने आपला भाग बघितला तर फक्त ढग दिसतात. रडार स्वतःच लहर सोडतं आणि परत आलेली मोजतं, त्याला ढग आणि रात्र आडवी येत नाही. युरोपच्या सेंटिनल-१ या मालिकेची माहिती सगळ्यांना फुकट मिळते. पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये गेला. दुसरा २०१६ ला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने बंद पडला. तिसरा डिसेंबर २०२४ ला, आणि चौथा आत्ता पाच दिवसांपूर्वी, ४ नोव्हेंबरला वर गेला. म्हणजे आमचे दोन्ही महापूर या मालिकेच्या वहीत नोंदलेले आहेत, फक्त कुणी तरी पान उघडायला हवं.

१२ नोव्हेंबर

एकेक फाइल जवळपास एक जीबीची. गावात रात्री अकरानंतर नेट बरं चालतं, तेव्हा लावून झोपले. सकाळपर्यंत तीन उतरल्या.

एक गोष्ट आज लक्षात आली आणि फार आवडली. या चित्रातला एक चौकोन १० मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! शेतकऱ्याला समजावताना याहून सोपं काय असणार? तरी जपून सांगायला हवं, कारण चौकोन गुंठ्याचा असला तरी नजर तितकी बारीक नाही. खरी नजर सुमारे २० बाय २२ मीटरची, म्हणजे चार गुंठ्यांच्या आसपास. दीड-दोन गुंठ्यांच्या वाटणीच्या पट्टीबद्दल या चित्रावरून कुणी छातीठोक बोलू नये.

१६ नोव्हेंबर, रविवार

स्नॅप नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिलं चित्र उघडलं. रंग नाहीत, सगळं करड्या छटांत. नदी काळीभोर, कारण गुळगुळीत पाणी आरशासारखं वागतं. तिरकी आलेली लहर ते तशीच पुढे टोलवतं, उपग्रहाकडे काही परत जात नाही. नांगरलेलं रान करडं. गुऱ्हाळांचे पत्रे आणि नदीवरचे पूल चांदणीसारखे चमकतात. पूल पाण्यात बुडाला की ती पांढरी रेघ नाहीशी होते, हे पुढे उपयोगी पडेल.

चित्रभर मात्र तांदळात कण्या मिसळाव्यात तसे ठिपके. कॅमेऱ्याचा हा दोष नाही. एका चौकोनातल्या शेकडो पानाढेकळांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे जोर धरतात, कुठे मावळतात. त्यासाठी गाळणी लावावी लागते. गाळणी जास्त लावली की बांधही पुसले जातात. तीन वेळा लावून बघितली, शेवटी सगळ्यात हलकी ठेवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजची नोंद लांब होणार.

ऑगस्ट २०१९ चं महापुरातलं चित्र आणि त्याच वर्षीचं उन्हाळ्यातलं चित्र शेजारी ठेवून पहिला नकाशा काढला. पद्धत साधी आहे. सगळ्या चौकोनांची मोजदाद केली की आलेखात दोन उंचवटे येतात, एक पाण्याचा, एक जमिनीचा. मधल्या खळगीत रेघ मारायची. रेघेच्या खालचं ते पाणी, निळं रंगवायचं. उन्हाळ्यातही जे निळं होतं ती नदी, बाकीचा पूर.

नकाशा देखणा आला. दूधगंगा पसरलेली, ओढ्यांच्या तोंडातून पाणी आत घुसलेलं. मी लॅपटॉप घेऊन सोप्यात गेले आणि आण्णांना दाखवला.

आण्णा बराच वेळ बघत बसले. मग मळीच्या रानावर बोट ठेवून म्हणाले, "हितं कोरडं का दाखवलंयस?"

"पाणी नाही आलं तिथं. बघा ना, बांधापर्यंत निळं आहे."

"न्हाई आलं?" आण्णांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या रानात मी काहिलीत बसून गेल्तो. गुळाची काहील. तुझा चुलता वल्हं मारत होता. मोटर सोडवायला गेल्तो आम्ही, तवर मोटर बुडाली. पाणी छातीला हुतं माझ्या. उसाचं वरचं अंग तेवढं पाण्याच्या वर दिसत हुतं."

मी नकाशाकडे बघत राहिले. आमचं सगळं मळीचं रान पांढरं, कोरडं. शेजारच्यांचंही तसंच. आणि वरच्या अंगाचं एक सोयाबीनचं रान, जिथे पाणी कमी होतं, ते निळं.

"सोयाबीन बुडलं ते दिसलं व्हय तुझ्या सॅटेलाइटला, आणि आमचा तेरा म्हयन्यांचा आडसाली न्हाई दिसला?"

उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. ऊस! जुलै २०१८ ची आडसाली लागण ऑगस्ट २०१९ मध्ये माणसाच्या दुप्पट उंच होती. रडारची लहर वरच्या पातीवरच अडून तिथूनच परतली. खालचं छातीभर पाणी तिला दिसलंच नाही. दोष यंत्राचा नाही. ज्या जागेबद्दल मला काहीच कळलं नव्हतं, त्या जागेवर मी "कोरडं" असं लिहून ठेवलं, चूक तिथे झाली.

आमच्या पट्ट्यात नदीकाठाला ऊस सोडून असतं काय? म्हणजे जिथे पाणी सगळ्यात जास्त दिवस बसतं, नेमकं तेच रान अशा नकाशात कोरडं निघणार. या विचाराने रात्री झोप आली नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळी रानात जाऊन शाळेची पट्टी घेऊन पात मोजली. मधल्या भागात रुंदी पाच सेंटीमीटरच्या जरा वर. दहा-बारा पाती मोजल्या, थोडाफार फरक, पण सगळ्या त्याच घरातल्या. सेंटिनलच्या लहरीची लांबी साडेपाच सेंटीमीटर. लहर आणि पात एकाच मापाची! आपल्याच मापाच्या वस्तूंच्या गर्दीत लहर शिरली की ती तिथेच विखुरते, तळापर्यंत पोहोचणारी थोडी आणि पोहोचून परत वर येणारी त्याहून थोडी. पुस्तकात हे वाचलेलं होतं. हातावर पातीचे ओरखडे घेऊन वाचलं की जास्त कळतं.

४ डिसेंबर

मार्गशीर्ष पौर्णिमा. अर्धं गाव सौंदत्तीला यल्लम्मा डोंगरावर, आम्हीही. परतताना मलप्रभेवरच्या नवलतीर्थ धरणाचं पाणी लांबून दिसलं आणि एक शंका आली. घरी येऊन धरणाची वेगवेगळ्या महिन्यांतली चित्रं बघितली. हिवाळ्यात पाणी काळं कुळकुळीत, पावसाळ्यातल्या एका चित्रात त्याच पाण्याचा मधला भाग करडा. वाऱ्याने लाटा उठल्या की पाणी खरबरीत होतं आणि लहर परत येते. म्हणजे उघड्या पाण्यालाही रडार कधी कधी जमीन समजतं. रडार उभी लहर सोडतं आणि परतलेली दोन तऱ्हांनी मोजतं, उभी (व्हीव्ही) आणि आडवी (व्हीएच). आडव्या मोजणीत वाऱ्याचा परिणाम कमी दिसतो, म्हणून इथून पुढे व्हीव्ही आणि व्हीएच दोन्ही बघणार.

७ डिसेंबर, रविवार

पारावर बसून विचारपूस. प्रत्येकाला एकच प्रश्न: २०१९ च्या आषाढ-श्रावणात तुमच्या कुठल्या तुकड्यात काय होतं? आडसाली, खोडवा, सोयाबीन, भुईमूग, की रान मोकळं? सहा वर्षं झाली तरी शेतकऱ्याला आठवतं. बहुतेकांचं सांगणं त्या वर्षाच्या रडारच्या मालिकेशी जुळलं. महिन्यामागून महिने तेजस्वी राहून तोडणीला एकदम उतरतो तो ऊस, जून ते ऑक्टोबर एवढंच चढून उतरतं ते सोयाबीन.

यातून एक वाट सापडली. उसाच्या मधेमधे जे सोयाबीनचे, भुईमुगाचे, मोकळ्या रानाचे तुकडे होते, ते साक्षीदार. त्यातलं पाणी रडारला दिसलेलं आहे. चार बाजूंच्या साक्षीदार तुकड्यांत पाणी असेल आणि मधलं उसाचं रान त्यांच्याच पातळीत किंवा खाली असेल, तर ते कोरडं कसं राहील? आता फक्त रानांची उंची हवी.

१४ डिसेंबर, रविवार

उंचीचे नकाशेही फुकट मिळतात. एक फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून मोजलेला, दुसरा युरोपचा, त्याहून नवा. दोन्ही उतरवले. दोन्हींत आमचं मळीचं रान गावाकडच्या रानापेक्षा उंच दाखवलंय!

दिवसभर डोकं लावलं. शेवटी कळलं ते असं, की हे दोन्ही नकाशेही रडारनेच काढलेले आहेत. तिथेही लहर उभ्या पिकाच्या अंगावरूनच परतली. उसाची उंची जमिनीच्या उंचीत मिसळली. ज्या उसाने पाणी लपवलं त्यानेच जमीनही लपवली.

उंची आपल्यालाच मोजावी लागणार.

२१ डिसेंबर, रविवार

टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राचं भाडं परवडणारं नव्हतं. गवंडी मामा म्हणाले, "नळीनं करूया की. घराचा पाया त्याच नळीनं काढतोय आम्ही." वीस मीटरची पारदर्शक नळी, त्यात नीळ घातलेलं पाणी. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत थांबतं, तेवढ्यावर सगळं काम.

मारुतीच्या देवळाच्या खांबावर ऑइलपेंटच्या तीन रेघा आहेत: २००५, २०२१, आणि सगळ्यात वर २०१९. वरच्या रेघेपासून निघालो. मामा एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये चुलतभाऊ कळकाच्या काठ्या रोवत पुढे. मामांनी पहिल्यांदा नळी झटकून बुडबुडे काढले. एवढासा बुडबुडा राहिला तरी पातळी खोटं बोलते म्हणाले. माझ्या टोकाला अंगठा होता, मामा "सोड" म्हणाले की सोडायचा. निळं पाणी वर-खाली हलतं, हळूहळू दम धरतं, मग काठीवर खडूची रेघ. तिथून पुढची काठी. तुडुंब पुराचं पाणी एवढ्या अंतरात जवळपास सपाटच असतं, तेव्हा देवळावरची रेघ आडवी धरून रानात नेणं म्हणजे त्या दिवशीचं पाणीच रानात नेणं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा ओढ्यापाशी होतो. तिथे रेघ माझ्या डोक्याच्या वर गेली, मामांनी काठीला काठी बांधली. दुपारनंतर आमच्या बांधावर पोहोचलो. शेवटच्या काठीवर मामांनी रेघ ओढली आणि टेप लावला. जमिनीपासून ४ फूट ३ इंच.

आण्णा पाटाला बसले होते, ते उठून आले आणि काही न बोलता काठीला खेटून उभे राहिले. रेघ बरोबर छातीवर आली. त्यांनी तिथे हात ठेवला आणि म्हणाले, "हं. हितंच."

येताना उलट्या बाजूने पुन्हा मोजत देवळापर्यंत आलो. दोन बोटांचा फरक पडला. दोन बोटं मला चालतील.

२८ डिसेंबर, रविवार

आणखी नऊ रानांत नळी नेली. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर दिशांक ॲप उघडून आपण कुठल्या सर्व्हे नंबरात उभे आहोत ते टिपलं. जमिनीचे उतारे कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतली, मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं. चुलतभाऊ भराभर वाचतो, त्याने सगळी यादी दोन्ही भाषांत करून दिली. नकाशावरही दोन्ही लिपी ठेवायच्या, हे आजच ठरवलं. कचेरीत कागद वाचला गेला पाहिजे आणि पारावरही.

२ जानेवारी २०२६

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मैत्रिणीचा फोन. बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातात शिरतं, तिथलंही करून दे म्हणाली. करायची इच्छा खूप आहे, पण तिथला पेच उलटा आहे. रोप लागणीच्या भातात पाणी मुद्दाम तुंबवलेलं असतं आणि रोपं लहान असेपर्यंत ते रडारला काळंच दिसतं. पूर कुठला आणि शेतकऱ्याने बांधलेलं पाणी कुठलं, हे एका चित्रावरून ठरणार नाही. धूळवाफ, म्हणजे कोरड्यात पेरणीची रानं आणि लागणीची रानं आधी वेगळी काढावी लागतील. तिला तेवढी यादी करायला सांगितली.

४ जानेवारी, रविवार

नवा नकाशा तयार. त्यात आता तीन रंग आहेत.

निळा: रडारला पाणी दिसलं. पांढरा: रडारला जमीन दिसली, पाणी नव्हतं. तपकिरी: उभा ऊस, आतलं दिसत नाही. तपकिरीतल्या ज्या रानांची पातळी आम्ही मोजली आणि जी पुराच्या रेघेखाली आली, त्यांवर निळ्या तिरप्या रेघा.

पहिल्या नकाशात हा तपकिरी रंगच नव्हता, तो सगळा पांढऱ्यात गेला होता. यापुढे मी काढलेल्या कुठल्याही पूरनकाशात "दिसत नाही" याला स्वतःचा रंग असेल. तो नसेल तर नकाशा कुणाच्या हाती द्यायचा नाही, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. उद्या कुणी टेबलावर नकाशा पसरून शेतकऱ्याला "तुमच्याकडे पाणीच नव्हतं" म्हणेल, तेव्हा मी तिथे समजावायला नसणार.

११ जानेवारी, रविवार

२०२१ च्या जुलैचं बघायला घेतलं. उपग्रह एका वाटेवरून बारा दिवसांनी परत येतो. त्या वर्षी पाणी लवकर चढलं आणि लवकर ओसरलं, आमच्या हाती लागलेल्या चित्रात ते बरंच उतरलेलं आहे. रडारवरून २०२१ ची शेवटची हद्द सांगता येणार नाही. देवळावरच्या रेघेवरून आणि नळीवरूनच काढावी लागेल. नकाशावर तसं स्पष्ट लिहिलं.

१८ जानेवारी, रविवार

देवळात नकाशा मांडला. पन्नासेक माणसं आली, बायकाही आल्या. प्रत्येकाने आधी आपलं रान शोधलं. दोन ठिकाणी चूक दाखवली: एका तुकड्यात सोयाबीन नव्हतं, तंबाखूची मशागत केलेलं मोकळं रान होतं, आणि एका विहिरीची जागा चुकली होती. दुरुस्त केलं.

एका आजोबांनी विचारलं, "मग ह्येच्यात माझं नुकसान लिवलंय का?"

नाही म्हणून सांगितलं. पाणी आलं एवढंच हा नकाशा सांगतो. ऊस किती गेला हे पाणी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात शिरलं की नाही, गाळ बसला की नाही, किती दिवस बसलं, यावर. पोंगा वर राहिला तर ऊस तगतो. पोंगा कुजला की वाढ थांबते, डोळे फुटून पांगशा येतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही जातात. रडारच्या मालिकेत त्याची सावली दिसते. कुजलेल्या उसाचं तेज इतरांच्या तोडणीच्या आधीच उतरायला लागतं. आमच्या रानाचं सप्टेंबर २०१९ पासून तसंच उतरलेलं आहे. पण लोळलेल्या उसातही थोडं असंच दिसतं, तेव्हा एवढ्यावरून आकडा काढणार नाही. आजोबांना हे पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी नकाशाची प्रत मात्र मागून घेतली.

एका मुलाने निसारबद्दल विचारलं, त्याने बातमी वाचली होती. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यात दोन लहरी आहेत, एक सुमारे ९ सेंटीमीटरची आणि दुसरी २४ सेंटीमीटरची. मी उसाची पात त्याच्या हातात दिली, शेजारी फूटपट्टी धरली आणि २४ वर बोट ठेवलं. ही लहर पातीत अडकत नाही, बरीच खाली जाते. खाली पाणी असेल तर पाण्यावरून उभ्या झाडाच्या बुंध्यावर आणि बुंध्यावरून परत वर, अशी दुहेरी टप्पा घेऊन येते. त्यामुळे बुडालेलं जंगल त्या चित्रात काळं न दिसता उलट जास्त उजळ दिसतं. जंगलात हे फार पूर्वीपासून पाहिलं गेलंय. आपल्या आडसालीत ते दिसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण पुढचा पूर येईल तेव्हा ताडून बघायला खाली खरी मापं असली पाहिजेत, नाही तर उजळ दिसलं ते पाण्याने की आणखी कशाने, हे पुन्हा कुणी ठरवायचं?

त्यावरून खांबांची गोष्ट निघाली. गवंडी मामांनीच काढली.

८ फेब्रुवारी, रविवार

सहा सिमेंटचे खांब, सहा रानांत. चार उभ्या उसात, दोन मोकळ्यात, म्हणजे दोन्हींची तुलना होईल. प्रत्येकावर फूट आणि अर्ध्या फुटाच्या पट्ट्या, लाल-पांढऱ्या. देवळावरची २०१९ ची रेघ नळीने आणून प्रत्येक खांबावर काळ्या रंगात. पुरात रोज सकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे फेरीच्या दिवशी उपग्रह आपल्यावरून जातो त्या वेळी, जमेल तिथून मोबाइलवर फोटो घ्यायचा. उसातल्या खांबांपाशी पोहोचायला काहील लागेल. चुलत्यांनी गुऱ्हाळावरची जुनी काहील द्यायचं कबूल केलंय, तिला एका बाजूला भोक आहे, ते डागून घ्यायचं आहे.

सहाव्या खांबाला लाल रंग कमी पडला. गुरुवारी निपाणीला जाणार आहे, तेव्हा आणायचा.